आजोबांचा गेमबॉय उघडायचा का?

मागच्या अंकात या पानावर मी एवढंच लिहिलं होतं की जुन्या गेम मशीनमध्ये नवा स्क्रीन बसवायला हरकत नाही, फक्त काढलेला जुना स्क्रीन फेकू नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळं पान त्यालाच दिलंय. काही जण चिडलेत, काहींना परवानगी हवीये, आणि एक पत्र असं होतं की ते मी दोनदा वाचलं. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

प्रश्न : दादा नमस्कार, मी २६ वर्षांचा, इंदुरात रामबागेत राहतो. आमच्याकडे आजोबांचा गेमबॉय आहे, निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन, तो जाडा राखाडी पहिला मॉडेल. मामाने मस्कतहून माझ्या मोठ्या भावासाठी आणला होता पण भावाचं मन त्यात रमलं नाही आणि आजोबाच रोज दुपारी जेवण झालं की झोपाळ्यावर बसून टेट्रिस खेळायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता चालू केला तर स्क्रीनवर उभ्या चार-पाच पट्ट्या कोऱ्या दिसतात. एका दुकानात म्हणाले नवा आयपीएस, म्हणजे मागून उजेड असलेला नव्या प्रकारचा स्क्रीन टाकून देतो, बॉडी पण नवी पारदर्शक देतो, जुनं सामान आम्ही ठेवून घेऊ. आई म्हणते हात लावायचा नाही. भाऊ म्हणतो बंद ठेवून काय करायचंय. आणि आम्हाला आजोबांचा हायस्कोर त्यातून काढून जपायचाय, तो कसा काढतात?

उत्तर : हायस्कोरचं आधी सांगतो कारण तेच ऐकायला जड आहे. तो त्यात नाहीये रे. गेमबॉयच्या टेट्रिस कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या त्या डबीत, बॅटरीच नसते, स्कोर फक्त मशीन चालू असेपर्यंत राहतो, बटण बंद केलं की गेला. म्हणजे तुझे आजोबा इतकी वर्षं रोज दुपारी शून्यापासून सुरू करत होते आणि रोज परत लावत होते. मला वाटतं हे आईला सांग, तिला आवडेल. आणि याचा दुसरा अर्थ असा की मशीन उघडल्याने त्यांचं काही पुसलं जाईल ही भीती मनातून काढून टाक.

आता स्क्रीनवरच्या त्या कोऱ्या पट्ट्या. यासाठी नवा स्क्रीन लागतच नाही, आणि दुकानात हे तुला सांगायला हवं होतं. पहिल्या गेमबॉयचा हा अगदी ओळखीचा आजार आहे. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक पातळ पट्टी काचेला चिकटवलेली असते, तिच्यातून प्रत्येक उभ्या ओळीला सिग्नल जातो, आणि तीस-पस्तीस वर्षांत ते चिकटवणं कुठेकुठे सुटतं, जिथे सुटलं तिथली ओळ गेली. मागचे स्क्रू तीन पात्यांचे असतात, त्याचा वेगळा स्क्रूड्रायव्हर घे, साधा पेचकस घुसवून त्यांची डोकी खाऊ नकोस. दोन्ही अर्धे भाग आतून एका केबलने जोडलेले असतात, म्हणून झटक्याने उघडायचं नाही. मग स्क्रीनखालचा रबरी तुकडा बाजूला करून, सोल्डरिंग आयर्न कमी तापमानावर ठेवून त्या पट्टीवरून हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे न्यायचा, एका जागी थांबायचं नाही, जोर लावायचा नाही. मशीन चालू ठेवून केलं तर गेलेल्या ओळी डोळ्यांदेखत परत येताना दिसतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ओळ परत आली आणि मी नुसता बघतच बसलो होतो, अजून तो क्षण लक्षात आहे. कधी कधी वर्षभराने परत एखादी ओळ जाते, परत फिरवायचं. तुझा हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या बंद पडलेल्या मशीनवर सराव कर, नाहीतर ज्याने हे काम पूर्वी केलंय त्याच्याकडून समोर बसून करून घे.

बॉडी बदलू नकोस, कृपा करून. तुझ्या आजोबांच्या अंगठ्याने त्या अधिकच्या चिन्हासारख्या बटणाची एक बाजू गुळगुळीत झाली असेल बघ, टेट्रिस खेळणाऱ्यांची डावी-उजवी बाजू झिजते, वरची नाही. ती झीज नव्या बॉडीत कुठून आणणार. आणि जुनं सामान दुकानात ठेवून घेणार म्हणतात ते तर अजिबात मान्य करू नकोस. तो स्क्रीन, तो डबा, ती बटणं हे सगळं दुसऱ्या कुणाला विकायचं सामान असतं त्यांच्यासाठी. दुकानदार वाईट असतो असं नाही, पण तुझ्याकडून पैसेही घ्यायचे आणि सामानही घ्यायचं हा व्यवहार एकतर्फी आहे.

भावाचंही बरोबर आहे, वापरायला हवा. त्या हिरवट स्क्रीनला मागून उजेड नसतो, रात्री काही दिसत नाही, नवीन माणसाला त्रास होतोच. तर भावाने दुसरा एखादा बंद पडलेला गेमबॉय घ्यावा आणि त्यात आयपीएस टाकावा, पारदर्शक बॉडी टाकावी, काय हवं ते करावं. गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून जगात ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेलेत, ही काही दुर्मिळ वस्तू नाही. तुमच्या घरातला मात्र एकच आहे.

आणि एक काम माझ्यासाठी कर. काम झालं की एका छोट्या कागदावर तारीख, काय झालं होतं, काय केलं, कुणी केलं एवढं लिही आणि बॅटरीच्या झाकणाच्या आत नाही, तर मशीनच्या आत मागच्या कवचाला चिकटवून ठेव, तिथे सेल गळले तरी कागद वाचतो. जुने घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खूण कोरून ठेवायचे, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. मी प्रत्येक मशीनमध्ये चिठ्ठी ठेवतो. पुढे कधी तुमच्या घरातलं कुणी ते उघडेल तर त्याला कळलं पाहिजे की आधी इथे कुणाचा हात लागलाय. आणि हो, पेन्सिल सेल काढून ठेव, कपाटात ठेवताना कधीच आत ठेवायचे नाहीत.

प्रश्न : मी लोकमान्य नगरात राहणारा निवृत्त माणूस, व्हॉल्व्हचे रेडिओ गोळा करतो. तुमचं मागचं वाक्य वाचून वाईट वाटलं. वस्तू जशी बनली तशी ठेवणं हेच जतन. नवीन स्क्रीन, नवीन बॅटरी, नवीन कपॅसिटर घालून उरतं काय? नाव फक्त जुनं. तुम्हा मंडळींना हे कळत नाही.

उत्तर : काका, तुमचं पत्र मला खूप पटलं आणि तरी मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे.

तुम्ही कपॅसिटरचं, म्हणजे वीज थोडी साठवून ठेवणाऱ्या त्या छोट्या भागाचं, नाव घेतलंत म्हणून तिथेच येतो. १९९० साली सेगाचा गेम गियर आला, हातात धरून खेळायचा, रंगीत स्क्रीनचा, सहा सेल खाणारा. त्यात जे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बोर्डावर चिकटवलेत ते वयाने गळतात, आतला द्रव बाहेर येतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. मासळीसारखा वास येतो, तुम्हालाही रेडिओतून ओळखीचा असेल. आधी आवाज जातो, मग स्क्रीन फिका होतो. २००१ च्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स गेम मशीनमध्ये तर घड्याळाची वेळ जपायला एक कपॅसिटर दिलाय, तो गळून शेजारचा मदरबोर्ड सडवतो, म्हणून जाणकार लोक तो सरळ उपटून काढतात, फक्त सगळ्यात शेवटच्या मॉडेलमध्ये तो भाग बरा आहे. तर ही मशीनं जशी बनली तशी ठेवली तर ती तशी राहत नाहीत काका, आतून खराब होत जातात. इथे भाग न बदलणं म्हणजे हळूहळू ते मशीन गमावणंच आहे. तुमच्याच छंदातले कितीतरी लोक जुन्या कागदी कपॅसिटरचं कवच रिकामं करून आत नवा भरतात, बाहेरून तसाच दिसतो. मला ती पद्धत अतिशय आवडते.

आणि आपला राजवाडाच घ्या ना, १९८४ च्या आगीत केवढा जळाला, नंतर पुन्हा उभा केला, त्याला राजवाडा नाही असं इंदुरात कुणी म्हणतं का.

पण तुमचं जिथे बरोबर आहे तिथे पूर्ण बरोबर आहे. मी असे मूळ डबे बघितलेत की ज्यांना कुणीतरी आतले खांब कापून, भोक पाडून, सोनेरी स्प्रे मारून ठेवलंय, आणि नवा स्क्रीन डबा न कापताही बसला असता, असे किट मिळतात. ते बघून मला राग येतो. कापलेलं प्लास्टिक परत जोडता येत नाही. पिवळी पडलेली बॉडी पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरी करतात तेही मी सहसा करत नाही, पिवळेपणा बहुतेक वेळा परत येतो आणि जुनं प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं, त्यावर अजून मारा कशाला. माझा स्वतःचा नियम असा आहे की जे मला पुढच्या रविवारी परत पहिल्यासारखं करता येईल ते मी करतो, जे करता येणार नाही त्यासाठी तसंच मोठं कारण लागतं. गळका कपॅसिटर हे कारण आहे. रंग आवडत नाही हे कारण नाही.

प्रश्न : दादा, मी कॉलेजमध्ये आहे. माझ्याकडे सोनीचा पहिला प्लेस्टेशन आहे, दुबईहून आलेला, युरोपवाला मॉडेल. आत्तेभाऊ अमेरिकेत असतो, त्याने त्याच्या लहानपणच्या बारा ओरिजिनल डिस्क मला दिल्या, एकही लागत नाही. एक जण म्हणाला चिप मारून देतो, मग कॉपी डिस्कपण चालतील. बाबा म्हणतात चिप म्हणजे चोरी, घरात नको. खरं काय?

उत्तर : तुझ्या बाबांना काळजी वाटतेय ती योग्य आहे, कारण आपल्याकडे चिप म्हटलं की लोकांना रस्त्यावर मिळणाऱ्या कॉपी डिस्कच आठवतात. पण तुझ्या बाबतीत दोन गोष्टी एकात मिसळल्यात.

आधी चिप काय करते ते समजून घे. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर आतल्या बाजूला खोबणीत एक बारीक थरथर मुद्दाम ठेवलेली असते आणि त्या थरथरीत चार अक्षरं लपवलेली असतात, जपानच्या डिस्कला एससीईआय, अमेरिकेच्या एससीईए, युरोपच्या एससीईई. घरच्या सीडी रायटरला ती थरथर लिहिता येत नाही. मशीन सुरुवातीला ती अक्षरं वाचतं, जुळली तर गेम सुरू. चिप एवढंच करते की मशीनला जी अक्षरं हवीत ती स्वतःच पाठवते. म्हणजे एकच कुलूप दोन कामं करतं, कॉपी अडवतं आणि दुसऱ्या देशात घेतलेली खरी डिस्कसुद्धा अडवतं. तुझ्या बारा डिस्क दुसऱ्या कारणाने अडल्यात. त्या विकत घेतलेल्या आहेत, बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेत, आणि त्या लावण्यासाठी चिप घालण्यात मला काहीही चूक वाटत नाही.

ऑस्ट्रेलियात नेमका यावरच खटला झाला होता, सोनी विरुद्ध एक चिप बसवणारा, आणि २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, जे त्यांचं सगळ्यात वरचं कोर्ट आहे, एकमताने सांगितलं की त्यांच्या तेव्हाच्या कायद्यात हे कुलूप बसत नाही. नंतर त्यांनी कायदा बदलला. अमेरिकेत १९९८ पासून कडक कायदा आहे, २०२१ मध्ये गेम मशीनची बिघडलेली डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती सूट त्यात दिली गेली, एवढ्यासाठीसुद्धा मागणी करावी लागली.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीत त्यात ६५-अ हे कलम आलं. संरक्षणासाठी लावलेलं असं कुलूप कुणी कॉपीराइट मोडायच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात 'हेतूने' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आणि कायद्याने जे स्पष्टपणे मना केलेलं नाही अशा कामासाठी कुलूप काढायला तिथेच मोकळीक आहे, पण एका अटीवर, दुसऱ्यासाठी ते काम करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण मी चिठ्ठ्या ठेवतो त्याच्याशी हे किती जुळतं. तर जो माणूस तुला चिप मारून देतोय त्याला विचार, तू वही ठेवतोस का? हसेल तर त्याच्याकडे जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट कॉपी डिस्क. तुझ्या स्वतःच्या डिस्कची खराब होऊ नये म्हणून एक प्रत काढून ठेवणं याला आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात जागा आहे, कायदेशीर मिळालेल्या प्रतीवरून, स्वतःपुरती. पण शंभर गेम भरलेली डिस्क कुणीतरी विकतोय ती घेणं हे त्यात कुठेही बसत नाही. लोक मला सांगतात की गेम आता बाजारातच नाही मग कुणाचं नुकसान, आणि हे दुःख खरंय, २०२३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. बनवणाऱ्यांनी आणि हक्क असणाऱ्यांनी हे असं सोडून दिलंय याचा मला खूप राग आहे, संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना हे जपायची मोकळी परवानगी मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण त्या रागाचा फायदा घेऊन जो पेनड्राइव्हवर हजार गेम भरून पाचशे रुपयांना विकतो तो काही जपत नाहीये, तो दुसऱ्याच्या मेहनतीवर दुकान चालवतोय.

बाबांना समोर बसवून त्या बारा डिस्क दाखव आणि चिप त्यांच्यासाठीच घालणार हे सांग, आणि सांगितलंस तसंच वाग.

प्रश्न : मी शाळेत शिकवते, सुदामा नगर. माळ्यावर लहानपणीचा टीव्ही गेम सापडला, बंदूकवाला. मुलांना बदकं मारून दाखवावीत म्हटलं तर चित्र येतं, बंदूक काही लागत नाही. बंदूक खराब आहे का? दुरुस्त होईल?

उत्तर : ताई, बंदूक बहुतेक ठणठणीत आहे, टीव्ही बदललाय. ती बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं, आताचा एलईडी टीव्ही चित्रावर थोडा वेळ काम करून मग दाखवतो, तेवढ्यात गेमने तुमचा नेम चुकला असं ठरवलेलं असतं. शिवाय कितीतरी बंदुकांमधलं सर्किट जुन्या टीव्हीच्या लुकलुकण्यालाच ओळखतं. म्हणून तिला उघडू नका, जुना टीव्ही शोधा, ओळखीत कुणाच्या तरी मागच्या खोलीत नक्की असेल. फक्त तो टीव्ही बिघडलेला निघाला तर घरी कुणालाही उघडू देऊ नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.

प्रश्न : भाऊ, थेट विचारतो. मी कबाडीकडून आणि इकडून तिकडून जुने गेमबॉयचे कार्ट्रिज घेतो. जे गेम कुणाला नकोत, क्रिकेट-फुटबॉलवाले, त्यांचं कवच वापरून आत नवा बोर्ड टाकतो, पोकेमॉन भरतो, वर स्टिकर लावतो आणि विकतो. गिऱ्हाईक विचारत नाही, मी सांगत नाही. गेम चालतो, तो खूश. यात गैर काय?

उत्तर : तू विचारलंस म्हणजे तुलाही ते कुठेतरी टोचतंय, म्हणून मीही थेट सांगतो. गैर आहे.

कारण त्याने विचारलं नाही याचा अर्थ त्याने गृहीत धरलंय. मूळ कवच बघून त्याला वाटतं आतही मूळच आहे आणि तो पैसे त्या विश्वासाचे देतोय. तू कवच मूळ ठेवतोस तेच मुळी त्या विश्वासासाठी, नाहीतर नवीन प्लास्टिक स्वस्तात मिळतं की. आणि गेमही तुझा नाही, तो बनवणाऱ्यांचा आहे, पोकेमॉन तर अजून जिवंत आहे, नवीन येतायत, विकले जातायत.

व्यवहाराची दुसरी बाजू पण बघ. स्वस्तातल्या कितीतरी नव्या बोर्डांवरचे चिप ३.३ व्होल्टचे असतात आणि पहिला गेमबॉय ५ व्होल्टवर चालतो, मध्ये जे हवं ते घातलेलं नसतं. आज चालतो. दोन वर्षांनी कुणा पोराचा दोनशे तासांचा सेव्ह, म्हणजे जिथवर खेळला ती नोंद, जाईल आणि तो समजेल आपल्याकडूनच काही चुकलं.

आणि जे गेम कुणाला नकोत म्हणतोस, ते फोडण्याआधी एकदा चालू करून बघ रे. मला मागे कबाडातून एक पोकेमॉन गोल्ड मिळाला होता, लेबल निम्मं फाटलेलं. गोल्डमध्ये सीआर २०२५ ची बॅटरी असते आणि आत घड्याळही चालतं म्हणून ती लवकर संपते, माझा अंदाज होता की सगळं पुसलेलं असणार. पण सेव्ह होता. एका मुलीचं नाव, १४० तास, आणि तिच्या प्रत्येक पोकेमॉनला तिने घरातल्यांची नावं दिली होती, आई, आज्जी, बंड्या. बॅटरी काढली की हे सगळं दुसऱ्या क्षणी जातं. मी आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, मग बॅटरी बदलली, मग परत भरला. ती मुलगी कोण मला माहीत नाही, कळायचा मार्गही नाही. तरी तो कार्ट्रिज मी विकलेला नाही.

तुझा हात चांगला आहे हे दिसतंच, एवढं बारीक सोल्डर सगळ्यांना येत नाही. तर बॅटरी बदलून दे, गळलेल्या सेलचा हिरवा थर व्हिनेगरने साफ करून दे, उभ्या रेघा दुरुस्त कर, स्क्रीन बसव, याला गिऱ्हाईक आहे आणि मान वर करून करता येतं. विकताना काय मूळ, काय नवीन हे बिलावर लिही. जे आधी विकलेस त्यांतल्या ज्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत त्यांना फोन कर आणि सांग, पैसे परत मागतील तर दे. मला माहितीये हे महाग पडेल.

प्रश्न : कार्ट्रिज लागला नाही की फुंकर मारायची, हे खरंच चालतं का? – नववीतला वाचक

उत्तर : नाही रे. चालतो तो काढून परत घातल्यामुळे, पिना घासल्या जातात. फुंकरीतून थुंकीचा ओलावा जातो आणि वर्षांनुवर्षं पिना गंजतात, आम्ही सगळ्यांनीच हे पाप केलंय. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, पिनांवरून फिरव, वाळू दे, मग घाल.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला हे सगळं शिकायचंय, यूट्यूब बघून सोल्डरिंगचं सामान मागतोय. मला भाजण्याची आणि शिशाची भीती वाटते. हट्ट पुरवू का?

उत्तर : पुरवा ताई, आणि पहिले काही महिने तुम्ही नाहीतर घरातलं कुणी मोठं शेजारी बसा.

तापमान कमी-जास्त करता येणारा आयर्न आणि तो ठेवायचं स्टँड घ्या, बिनास्टँडचा आयर्न म्हणजे भाजणं ठरलेलंच. साध्या शिसं-कथलाच्या तारेने शिकणं सोपं जातं, ती साधारण १८५ अंशांच्या आसपास वितळते, पण शिसं आहे म्हणून काम झालं की साबणाने हात धुवायचे, टेबलावर खाणं-पिणं ठेवायचं नाही, पोहे खात-खात तर अजिबात नाही. बिनशिशाची तार पण मिळते, तिला जास्त तापवावं लागतं आणि नवख्याला त्रास देते. धूर मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरतात त्या रसायनाचा, असतो, खिडकी उघडी आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा लावा, तोंड वाकवून धुरात काम करायचं नाही. डोळ्याला चष्मा, तारेचा तुकडा कापताना उडतो.

कुठलं मशीन द्यायचं ते महत्त्वाचं. चार पेन्सिल सेलवर चालणारी जुनी वस्तू बरी, सहा व्होल्टच असतात, त्याने काही होत नाही. तीन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही हे त्याच्याकडून वचन घ्या : पिक्चर ट्यूबचा टीव्ही, भिंतीत लागणारा अडॅप्टर, आणि फुगलेली लिथियम बॅटरी. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबायची नाही, भोक पाडायचं नाही, घरात ठेवायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

घरातलं कुणाच्या आठवणीचं काही पहिल्यांदाच उघडायला देऊ नका, तो बिघडवेल आणि मग ते त्याच्या मनाला लागेल. जेल रोडवरून नाहीतर कबाडीकडून एखादा बंद रेडिओ, एखादं खेळणं आणा. त्यातले भाग सोल्डर वितळवून काढायला लावा आणि तेच परत लावायला लावा, दहा वेळा. पहिले डाग गोळे-गोळे आणि मळकट येतील, चमकदार आणि पसरलेले यायला लागले की समजा हात बसतोय. त्याच्यासाठी एक वहीही आणा, उघडण्याआधी फोटो, कुठला स्क्रू कुठून निघाला त्याचं चित्र, आणि शेवटी काय केलं ते. महिन्याभराने त्याला काही अडलं तर त्या वहीचं पान मला पाठवा, मी बघून लिहीन.